यंदाही फ्रीज बिघडला

इंदिरा नगर, लखनौ
३ जुलै १९९४

आदरणीय बेबीताई,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण उशिराचं कारण लिहायचंच जिवावर आलं होतं. आता लिहून टाकतो. आमचा कारखाना बंद झाला. उन्हाळ्यापासून कुजबुज होतीच. आमचे फ्रीज आता कुणी घेत नाही; बाजारात परदेशी कंपन्यांचे नवे रंगीत फ्रीज आलेत. मागच्या महिन्यात सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. इच्छा कुणाची होती ते त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. मीही सही केली. चोवीस वर्षांची नोकरी चहा आणि समोशावर संपली.

तू लगेच डोक्याला हात लावून बसशील, म्हणून सांगतो, घरी सगळं ठीक आहे. विनयाची सरकारी दवाखान्यातली नोकरी आहे, मुलांच्या वॉर्डात तिच्या शब्दाला मान आहे. राजरत्न यंदा बारावीला. त्याने मला आराम करायचा सल्ला दिला, अर्थात हिंदीतून. मराठी त्याला कळते सगळी, पण तोंडातून निघत नाही. तुझ्यासमोर तो एवढा गप्प का असतो, ते तुला माहीतच आहे.

सध्या माझ्याकडे सब्जी आणायचं खातं आलंय. भूतनाथ मार्केटमधला भैया मला बघितलं की तुरईचा ढीग पुढे सरकवतो, कारण मी भाव करत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. विनया रोज रात्री माझी पिशवी तपासते आणि हसते. शेजारपाजारचे बंद पडलेले फ्रीज, कूलर, मिक्सर माझ्या दारात येऊ लागलेत. मलिहाबादचा दशहरी आंबा यंदा मुबलक आहे. पेटी पाठवली असती, पण मागच्या वर्षी तुझ्याकडे त्याचा मुरंबा होऊनच पोचला होता.

तुझी तब्येत जप. पेन्शनीत आलीस म्हणून सगळ्या गल्लीच्या मुलांची शिकवणी फुकट घ्यायची असं नाही. लोभ आहेच; तो नोकरीबरोबर गेलेला नाही.

तुझा,
ईश्वर

•

इंदोरा, नागपूर
१४ जुलै १९९४

चि. ईश्वर यास,

अ. आ. आणि जयभीम. पत्रास कारण तुझंच पत्र.

वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा मन खचलं, दुसऱ्यांदा मात्र, खोटं का बोलू, आनंद झाला. तू लखनौला गेलास तेव्हा म्हणाला होतास की दोन वर्षं अनुभव घेतो आणि परत येतो. मी तेव्हापासून वाट बघते आहे. आई गेली तेव्हा तू चड्डीत होतास. तुझी वेणीफणी सोडून सगळं मी केलं. आता तुझी नोकरी सुटली आहे आणि माझ्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी आहे. यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला सांग. इथे दुकान टाक. इंदोऱ्यात आता दर दुसऱ्या घरात फ्रीज आहे आणि दुरुस्त करणारा धड माणूस एक नाही. कोपऱ्यावरचा चंद्रकांत आहे, पण तो पंख्यांचा माणूस, फ्रीज उघडला की आत बघत उभा राहतो.

विनयाची बदली होत नाही म्हणशील. मग ती दोन वर्षांनी येईल, राजरत्नचं कॉलेज इथे होईल. मुलगा मराठी तरी बोलायला लागेल. आबा असते तर म्हणाले असते, ईश्वर, जमेल का? ते कधी कुणाला हुकूम द्यायचे नाहीत. काडेपेटी आणायला पाठवायचं असलं तरी आधी विचारायचे, जमेल का, आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मी आबांची मुलगी असले तरी तीस वर्षं शाळा चालवलेली बाई आहे. मी विचारत नाही, मी सांगते. ये.

आणि हो, फ्रीज पुन्हा बिघडला आहे. यंदा लवकरच. खालच्या खणात दूध टिकत नाही. चंद्रकांत बघतो म्हणाला होता, पण मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. माझ्या भावाने सुपरवायझर झाल्यावर पहिल्या बोनसातून आणून दिलेल्या फ्रीजला माझ्या भावाचाच हात लागेल. दर वर्षी अशोक विजयादशमीला येतोस, तसा यंदा जरा आधीच ये. फ्रीजही होईल आणि दुकानाची जागाही बघून होईल.

तुझ्या पत्रात हिंदी शब्द फार होतात. सब्जी म्हणजे भाजी, हे तुला मीच शिकवलं होतं.

विनयाला आणि राजरत्नला आशीर्वाद. लोभ वाढवायला आता तुला वेळच वेळ आहे.

तुझी,
बेबीताई

•

इंदिरा नगर, लखनौ
९ ऑगस्ट १९९४

आदरणीय ताई,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्रातली रस्त्याकडची खोली डोळ्यांसमोर आली. तिथे बसून मी तुझ्याकडून पाढे पाठ करून घेतले, म्हणजे तू माझ्याकडून. मी नाही म्हणत नाही. थोडा वेळ दे, एवढंच म्हणतो. कारण मध्येच एक गंमत झाली आहे.

स्टोअर्समधले आमचे हरिहर तिवारी तुला आठवत असतील, राजरत्नच्या वाढदिवसाला रबडी घेऊन आले होते ते. त्यांचीही नोकरी माझ्याबरोबरच गेली. तेव्हापासून ते रोज हज़रतगंजात जाऊन वाचनालयात बसतात आणि नोकरीच्या जाहिराती उतरवून सगळ्यांना वाटत फिरतात. स्वतः एकीकडेही अर्ज करत नाहीत. मागच्या महिन्यात ते स्कूटर लावायच्या आधीच हाका मारत आले. एका संस्थेला, जिचं ऑफिस दिल्लीत आहे, फ्रीज दुरुस्त करणारी अनुभवी माणसं हवी आहेत. कुठे, तर आफ्रिकेत. मलावी नावाचा देश. तिथे खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत बाळांच्या लसी ठेवायला फ्रीज आहेत, त्यातले बरेच वीज नसल्यामुळे रॉकेलवर चालतात, आणि बिघडले की पडून राहतात. दोन वर्षं जायचं, फ्रीज चालू करायचे आणि तिथल्या माणसांना ते काम शिकवायचं. पगार नाही. राहायला घर, जेवायखायचा खर्च आणि जाण्यायेण्याचं तिकीट. म्हणजे सेवा म्हणून जायचं.

विनया जेवता जेवता म्हणाली की पाठवून तर द्या. राजरत्नने इंग्रजी तपासलं आणि मी अर्ज पाठवला. मला वाटलं, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण बोलावतं. तर बोलावणं आलं. या महिन्याच्या शेवटी दिल्लीला जाऊन येतो. निवड होईल असं नाही, पण दिल्ली तर बघून होईल. गोमती एक्सप्रेसचं रिझर्वेशन झालं आहे.

तुझ्या फ्रीजचं वाईट वाटलं. साफसफाई करताना आतलं ते गोल बटण कधी कधी हलतं. आकडा कुठला आहे ते एकदा बघून ठेव.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिहिणं बंद करू नकोस, एवढी मेहेरबानी असावी.

तुझा,
ईश्वर

•

इंदोरा, नागपूर
२२ ऑगस्ट १९९४

चि. ईश्वर यास,

आशीर्वाद. जयभीम.

मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. तू आफ्रिकेचं मला विचारलं नाहीस, कळवलंस. अर्ज गेला, रिझर्वेशन झालं, मग ताईला पत्र. राजरत्नला इंग्रजीसाठी विचारलंस, मला कशासाठीच नाही.

शाळेत जाऊन भिंतीवरच्या नकाशात मलावी शोधला. तळ्याच्या कडेने लांबट चिंचोळा देश आहे. नव्या हेडबाईंनी विचारलं, काय शोधता. सांगणार तरी काय? माझा भाऊ, ज्याला पोटाशी धरून वाढवलं, तो नोकरी गेल्यावर घरी यायचं सोडून परक्या देशात फुकट राबायला निघाला आहे?

फुकट हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आपल्या आजोबांनी गावकीची कामं फुकट केली. तालुक्याचा साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावत जायचं. कुणाच्या घरचा निरोप दुसऱ्या गावी पोचवायचा, उन्हात, पावसात, ताप अंगात असताना. मोबदला म्हणून दारातून टाकलेली भाकरी. आजोबांना त्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही की वेळ आहे का. आबांनी ते सगळं लाथाडलं. विशीत गाव सोडून गिरणीत आले आणि पहिल्या पगाराचं पाकीट त्यांनी आईच्या हातात दिलं, ती गोष्ट तू माझ्या मांडीवर बसून ऐकलेली आहेस. आपल्या घरात यापुढे घामाचा मोबदला घेतल्याशिवाय कुणी काम करणार नाही, हे आबांचं म्हणणं होतं. बाबासाहेबांनी आपल्याला तेच शिकवलं. आणि तू शिकून, कारखान्यात सुपरवायझर होऊन, पुन्हा बिनपगारी कामाला चाललास? सेवा म्हणे. आजोबांना राबवणाऱ्यांनीही त्याला सेवाच म्हटलं असेल.

मी तर रंगाऱ्याकडून पाटीसुद्धा करून घेतली होती. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, ईश्वर रेफ्रिजरेशन. ती आता पलंगाखाली आहे.

बटण बघितलं. बटणाला काही झालेलं नाही. फ्रीजच बिघडला आहे. दूध काल पुन्हा नासलं.

यापेक्षा जास्त लिहिलं तर अक्षर बिघडेल. माया आहेच, पण आज ती शाईत उतरत नाही.

बेबीताई

•

इंदिरा नगर, लखनौ
५ सप्टेंबर १९९४

आदरणीय ताईंना,

विनयाचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र मी वॉर्डात दुपारच्या पाळीत बसून लिहिते आहे. यांना माहीत नाही. तुमचं मागचं पत्र यांनी मला वाचायला दिलं. म्हटलं, तुम्हा भावंडांत मी सहसा पडत नाही, पण यंदा पडते.

ताई, यांनी तुम्हाला जुलैत जे लिहिलं, तुरई आणि दशहरी आणि शेजाऱ्यांचे मिक्सर, ते सगळं खरं आहे. पण एक लिहायचं राहून गेलं. रोज सकाळी कारखान्याची बस जिथे थांबायची, त्या चौकात हे बरोब्बर बसच्या वेळेला जाऊन उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, दूध आणायला. आपल्याकडे दूध घरी येतं, ताई. अंगात कारखान्याचा निळा शर्ट असायचा, इस्त्री केलेला. मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, कुणाचं कुठे दुखतं ते न सांगता कळतं. पण यांच्या दुखण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

दिल्लीहून आले तेव्हा स्टेशनवरून रिक्षा न करता शेअरच्या विक्रम टेंपोतून आले आणि दारातूनच बोलायला लागले. चपला काढायच्या राहिल्या होत्या. तिथे त्यांना एक रॉकेलचा फ्रीज दिला होता, त्याचं वर्णन मला जेवण होईपर्यंत, भांडी होईपर्यंत आणि दिवे गेल्यावर अंधारातसुद्धा ऐकावं लागलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं एवढं वर्णन यांनी कधी केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे चौकात गेले नाहीत. उठले, चहा केला आणि मला उठवलं. निवडीचं पत्रही आता आलं आहे.

मला दोन वर्षं सोपी जाणार नाहीत. राजरत्न मोठा होतोय, घरात पुरुषाचा धाक लागतो असं सगळे म्हणतात. पण आमच्या घरात धाक माझा आहे, तेव्हा ती चिंता नको. मला यांनी जावं असं वाटतं. चौकात उभं राहण्यापेक्षा जावं. आणि नागपूरला येऊन तुमच्यासाठी म्हणून दुकानात बसण्यापेक्षाही जावं. हे तुम्हाला लागेल, पण तुम्ही मला स्पष्ट बोलायला शिकवलंत, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. सांगायची नाही असं यांनी मला शपथेवर बजावलं होतं. तुमच्या फ्रीजला गेल्या चौदा वर्षांत काही झालेलं नाही, हे यांना पहिल्या वर्षापासून माहीत आहे. दर वर्षी तुमच्या स्वयंपाकघरात शिरले की आधी तुमच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि शून्यावर असलेलं बटण चारवर फिरवतात. मग उगाच मागचा पत्रा उघडतात आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोन तास बसतात. मी एकदा विचारलं, कशाला. तर म्हणाले, ताई चहा घेऊन शेजारी पाटावर बसते, आबांच्या गोष्टी सांगते, एवढी सलग ती माझ्याजवळ एरवी कधी बसत नाही. मग लवकर कशाला उठायचं.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका, नाहीतर मलावीच्या आधी मलाच घराबाहेर जावं लागेल. राग असेल तर तो माझ्यावर काढा, मला रोज पन्नास रडणारी मुलं सांभाळायची सवय आहे.

तुमचीच,
विनया

ता. क. राजरत्नला मी तुम्हाला पत्र लिहिते आहे हे कळलं आहे. दवाखान्यात डबा द्यायला आला, त्याने हे खाली लिहिलं:
आत्या, जय भीम. पापा को जाने दीजिए, प्लीज. घर में मिक्सर तीन बार खुल चुका है, अब टीवी की तरफ़ देखते हैं. आप यहाँ आ जाइए ना, मैं मराठी में बात करूँगा. पक्का. गलती होगी तो हँसना मत.

•

इंदिरा नगर, लखनौ
१२ सप्टेंबर १९९४

आदरणीय ताई,

जयभीम. विनंती खरोखरच विशेष आहे.

तुझं पत्र खिशात ठेवून फिरतो आहे. घड्यांवर अक्षर पुसायला लागलं. तू लिहिलेलं एकही वाक्य मला खोटं म्हणता येत नाही. मी तुला विचारलं नाही, हे तर सगळ्यात खरं. तू नाही म्हणशील याची भीती वाटली, म्हणून कळवून मोकळा झालो. हे आबांच्या मुलाला शोभलं नाही.

म्हणून आता रीतसर विचारायला बसलो आहे. आधी दिल्लीत काय झालं ते ऐक.

तिथे मुलाखत घेणाऱ्या डॉक्टर बाई केरळच्या. वय तुझ्याएवढं, बोलणंही तुझ्यासारखं. त्यांनी मला एका खोलीत नेलं, तिथे रॉकेलचा जुना फ्रीज होता, थंड न होणारा. बघा म्हणाल्या आणि निघून गेल्या. ताई, त्या फ्रीजला आपल्यासारखी मोटर नसते. खाली दिवा पेटवायचा, त्याच्या आचेने नळ्यांतलं गारव्याचं औषध, म्हणजे अमोनिया, उकळून फिरायला लागतं आणि वर बर्फ धरतो. आग लावून गारवा. मी शिकाऊ असताना एकदाच असा बघितला होता. वात काढली, कापली, काजळी धरलेली नळी साफ केली, ज्योत पिवळ्याची निळी झाली. तरी थंड होईना. मग आमच्या जुन्या मिस्त्रींनी सांगितलेलं आठवलं. अख्खा फ्रीज उचलून उलटा करून ठेवला. आत अडकलेलं औषध त्यामुळे मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी सुलटा करून दिवा लावला आणि संध्याकाळी वरच्या पत्र्याला पांढरं धरलं. मी त्याला बोट लावून बसलो होतो. तू हसशील, पण मला रडू आलं. हात अजून कामाचे आहेत, एवढंच वाटलं. (तुझा फ्रीज चुकूनही उलटा करू नकोस. त्याला ते सोसत नाही.)

नंतर त्या बाईंनी सांगितलं की लस गरम झाली की तिच्यातला जीव जातो, पण दिसायला ती तशीच असते. सुई टोचली जाते, बाळ रडतं, आईला वाटतं आता काळजी नाही. आणि बाळाच्या अंगात काहीच गेलेलं नसतं. ते ऐकल्यापासून मी त्या आईला डोक्यातून काढू शकलेलो नाही.

मग त्यांनी मला जे विचारलं, त्यासाठी हे पत्र. त्या म्हणाल्या की तुम्ही नाही म्हणू शकता. आत्ता म्हणू शकता, घरी जाऊन म्हणू शकता, तिथे गेल्यावरही म्हणू शकता, कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. आणि त्या थांबल्या, ताई. उत्तराची वाट बघत गप्प उभ्या राहिल्या. मला एकदम आबा दिसले, काडेपेटीसाठी उभे असलेले.

आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं आहे. माझ्या मते फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. पगार घेतल्याशिवाय राबायचं नाही हे आबांचं खरंच. पण आबा रविवारी वस्तीतल्या मुलांना रात्रशाळेत शिकवायचे त्याचा पगार कोण देत होतं? तू गल्लीच्या मुलांची शिकवणी घेतेस त्याचा कोण देतं? नाही म्हणायची मोकळीक असलेला माणूस हो म्हणतो, तेव्हा ती बिगार राहत नाही. आजोबांची मान ज्या ओझ्याने वाकली, ते मी उचलत नाहीये. मी जातोय तो मान वर करून, निदान मला तरी तसं वाटतं. तुला तसं वाटत नसेल तर सांग.

होकार कळवायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. ऑक्टोबरात दिल्लीला प्रशिक्षण, म्हणजे यंदा अशोक विजयादशमीला मला नागपूरला येता येणार नाही. तुझा फ्रीज तसाच राहील. नोव्हेंबरात जायचं. निघण्यापूर्वी दोन दिवस तुझ्या पायाशी येऊन जाईन, तू हो म्हटलंस तरच. नाही म्हटलंस तर मात्र कायमचा येईन, पलंगाखालची पाटी बाहेर काढीन आणि कुरकुर करणार नाही. विनयालाही मी हेच सांगितलं आहे.

तेव्हा आबांच्या पद्धतीने विचारतो आणि उभा राहतो. ताई, जमेल का?

तुझा,
ईश्वर

•

इंदोरा, नागपूर
२३ सप्टेंबर १९९४

चि. ईश्वर यास,

अनेक, अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पोरांना भागाकार शिकवत होते. पोरांना सोडून दिलं. तीस वर्षांत मी तास मध्येच कधी सोडला नव्हता.

माझ्या शाळेतली एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं तिच्यात काही आहे असं मला कधी वाटलं नाही. लस द्यायचा दिवस होता. शाळेच्या व्हरांड्यात सकाळपासून बायका कडेवर पोरं घेऊन बसल्या होत्या, काही पार कळमन्याकडून चालत आलेल्या. नर्सबाईंनी पेटी उघडली तर आतल्या बर्फाचं पाणी झालेलं. त्या बाईंनी एकेक बाटली व्हरांड्याच्या कडेला ओतून टाकली. मी हेडबाई, मला त्या बायकांना परत पाठवायचं होतं. एक पोरगेली आई मला म्हणाली की बाई, ओतण्यापेक्षा माझ्या पोराला द्या ना. मी तिला रागावले आणि घरी पाठवलं. पेटी कुणी थंड ठेवायची असते हा विचार मी तेव्हाही केला नाही, नंतरही नाही. परवा तुझं पत्र वाचताना ती पोरगी आठवली. तिचा चेहरा मला चांगला आठवतो आहे.

आबांच्या रात्रशाळेचं तू लिहिलंस, ते मी विसरले होते असं नाही. रागात सोयीचं नव्हतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. मी संध्याकाळी आबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून बसले. ते काय म्हणाले असते याचा विचार केला. ते काही म्हणालेच नसते, ईश्वर. त्यांनी तुला विचारलं असतं की तुला जमेल का, आणि तू हो म्हणालास की पायताण घालून तुला सोडायला स्टेशनवर आले असते.

तेव्हा ऐक. जमेल.

मला आनंद झाला आहे असं समजू नकोस. मला रडू येतं आहे. पण तू विचारलंस आणि थांबलास, हे माझ्या मनाला फार बरं वाटलं. एवढ्या वयात मला कुणी असं विचारलेलं नाही. दिल्लीला कळवून टाक. त्या केरळच्या बाईंना माझा नमस्कार सांग.

आता बाकीच्या गोष्टी. रस्त्याकडची खोली मी चंद्रकांतला दोन वर्षांसाठी दिली आहे. पाटी पुसलेली नाही, जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. चंद्रकांतला सांगून ठेवलं आहे की तू परत आलास की त्याच्याकडून भाडं नको, त्याने तुझ्याकडून फ्रीज शिकायचा. तो एका पायावर तयार आहे.

दिवाळीत मी लखनौला येते. तू निघेपर्यंत राहीन आणि तू गेल्यावरही थंडी संपेपर्यंत राहीन. विनयाला म्हणावं, मी धाक दाखवायला येत नाही, तुझ्या धाकात राहायला येते. राजरत्नला सांग, आत्याने त्याचं पत्र वाचलं. चुका होतील तिथे हसणार नाही, पण लाल पेन घेऊन येणार आहे. आणि भाव न करता घेतलेली तुरई मी खाणार नाही, तेव्हा भूतनाथच्या त्या भैयाला तयारीत राहायला सांग.

तिकडे पाणी उकळून पी. टोपी घाल. ज्योत निळी ठेव, काजळीचा धूर छातीत जातो. रविवारी पत्र लिही, आणि तिथल्या बायका काय म्हणतात तेही लिही, नुसतं वाती आणि नळ्यांचं लिहू नकोस.

फ्रीजचं लिहायचं राहिलं. तो दर वर्षी याच दिवसांत का बिघडतो, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं असं मला आता कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस आणि तिला एक शब्दही बोलू नकोस. काल मी बटण स्वतः चारवर फिरवलं. आज सकाळी वरच्या खणात बर्फ धरला होता, दूध गार होतं, मी त्याचाच चहा केला आणि पाटावर एकटी बसून प्याले. फ्रीज उत्तम चालतो आहे. दोन वर्षं तो बिघडणार नाही, ही माझी हमी. दोन वर्षं पुरी झाली की मात्र त्याच आठवड्यात तो बिघडेल, आणि तेव्हा त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही.

तुझी,
बेबीताई